घराण्यात कुणाला होतं का?

मानसोपचारतज्ज्ञाकडे जा किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे, नाव, वय, तक्रार सांगून झाली की एक प्रश्न हमखास येतो : घराण्यात कुणाला होतं का? आणि उत्तरही हमखास येतं : छे, कुणालाच नाही. मोठ्या काकांना शेवटची काही वर्षं मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेलं असतं, आत्याला सासरच्यांनी 'भ्रमिष्ट' म्हणून माहेरी आणून सोडलेलं असतं, आजोबांनी विहीर जवळ केलेली असते. पण डॉक्टरांपुढे सगळं घराणं ठणठणीत. असं उत्तर देणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. त्यांनी खरं बोलावं, अशी कोणतीही सोय आपण आजच्या कायद्यात किंवा लग्नाच्या बाजारात केलेली नाही. लपवण्यात त्यांचा हिशेब अगदी बरोबर असतो. आणि स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत तरी या हिशेबाची किंमत रुग्ण मोजतो.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विसरणं येतं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, नातवाचं नाव काय. 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं की पुढची चौकशीच संपते. पण ज्यांनी घरात हे निभावलं आहे त्यांना विचारा. विसरण्यापेक्षा संशयाने माणसं जास्त मेटाकुटीला येतात. अल्झायमरच्या दहा रुग्णांपैकी साधारण चार जणांना कधी ना कधी भ्रम किंवा भास होतात. नेहमीचा भ्रम चोरीचा : माझ्या पाटल्या सुनेने नेल्या, कामवालीने साखर पळवली. त्यानंतर, हे घर माझं नाहीच, मला माझ्या घरी सोडा. मग कधी तरी असंही, की नवरा म्हणून जो घरात वावरतो आहे तो नवरा नव्हेच, तसा दिसणारा भलताच कुणी आहे. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात तर विस्मरण फारसं सुरू व्हायच्या आधीच माणसं दिसू लागतात. कोपऱ्यात बसलेली लहान मुलं, पलंगाखालचं मांजर. तेही धूसर नव्हे, फ्रॉकच्या रंगासकट.

यात नवं काहीच नाही. अल्झायमरच्या आजाराची पहिली नोंदलेली रुग्ण ऑगस्ट डेटर. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात तिला दाखल केलं तेव्हा ती ५१ वर्षांची होती. डॉ. अलोइस अल्झायमरने तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरं लिहून ठेवली आहेत. नाव? ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? बहुतेक ऑगस्ट. दुपारी ती डुकराचं मांस आणि फ्लॉवर खात होती. काय खाताय असं विचारल्यावर म्हणाली, पालक. या नोंदी आता सगळीकडे सांगितल्या जातात, पण त्या आजार बराच पुढे गेल्यावरच्या आहेत. सुरुवात कशाने झाली होती? १९०७ मध्ये छापलेल्या टिपणात अल्झायमरने पहिलं ठळक लक्षण नोंदलं आहे ते नवऱ्याविषयीच्या संशयाचं, मत्सराचं. म्हणजे ज्या आजाराला आपण विसरण्याचा आजार म्हणतो, त्याच्या पहिल्याच रुग्णाची पहिली तक्रार आज आपल्याकडे 'नवरा-बायकोचं भांडण' या सदरात गेली असती. तिच्या मेंदूच्या जपून ठेवलेल्या काचपट्ट्यांतून डीएनए काढून प्रेसेनिलिन-१ या जनुकात बिघाड सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तपासलं तेव्हा तो सापडला नाही. शंभर वर्षांनी, एवढ्या यंत्रसामग्रीनिशीही या बाईचा आजार घराण्यातून आला होता की नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. ओपीडीतल्या दहा मिनिटांत ते कळावं अशी अपेक्षा आपण कशी करतो, कोण जाणे.

जनुकांच्या गोष्टीत दोन वेगळ्या बाबींची कायम गल्लत होते, ती आधी सोडवलेली बरी. पहिली बाब धोका वाढवणाऱ्या जनुकांची. एपीओई या जनुकाचा चौथा प्रकार एका पालकाकडून आला तर अल्झायमरची शक्यता दोन-तीन पटींनी वाढते, दोघांकडून आला तर त्याहून बरीच जास्त. पण तो असूनही नव्वदीत पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी माणसं आहेत, आणि नसूनही आजारी पडणारी आहेत. दुसरी बाब वेगळीच आहे. एकाच जनुकात असा बिघाड, की तो ज्याच्याकडे आला त्याला आजार जवळजवळ ठरलेला, आणि प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. १९९१ मध्ये एपीपी, १९९५ मध्ये प्रेसेनिलिनची दोन जनुकं सापडली. कोलंबियातल्या आंतिओकिया प्रांतात अशा एका बिघाडाचं हजारो माणसांचं गोत आहे, आणि तिथे चाळिशीतच विसरायला सुरुवात होते. अल्झायमरच्या एकूण रुग्णांत असे शंभरात एकही नसतात.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात मात्र चित्र बदलतं. हा आजार बहुधा पन्नाशी-साठीत येतो. स्मरणशक्ती बरीच टिकते, बिघडतं ते वागणं. आणि घराण्यातून येण्याचं प्रमाण अल्झायमरपेक्षा कितीतरी जास्त. २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी नवव्या गुणसूत्रावरच्या सी९ओआरएफ७२ या जनुकातला बिघाड शोधला. डीएनएच्या सहा अक्षरांचा एक तुकडा एरवी थोड्या वेळा येतो. या माणसांत तो शेकडो, कधी हजारो वेळा येतो. त्यातून एका भावाला डिमेन्शिया, दुसऱ्याला एएलएस, म्हणजे हातापायांची ताकद जात जाणारा आजार, असं एकाच घरात होऊ शकतं. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये जे दाखवलं ते आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. हा बिघाड असलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक रुग्णांत ठसठशीत मनोविकृती होती. कुणीतरी पाळतीवर आहे, अंगावर किडे फिरताहेत, पोटात काही तरी घातलं आहे. फ्रंटोटेम्पोरलच्याच, पण हा बिघाड नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात चारांहूनही कमी. अशा रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाणही जास्त आढळलं आहे. सुरुवातीला एमआरआय बऱ्यापैकी नॉर्मल येऊ शकतो. आजची तारीख, पाठोपाठचे आकडे, तीन शब्द लक्षात ठेवणं, हे सगळं माणूस बरोबर करतो. मग निदान काय होणार? 'उशिरा सुरू झालेला स्किझोफ्रेनिया'. किंवा नुसतंच वेड.

असं एक घर डोळ्यांपुढे आणा. सांगली-मिरजेकडचं म्हणा. बँकेतला हिशेबाला चोख माणूस, वय ५३. वर्षभर बायकोला सांगतो आहे की शाखेतले लोक आपल्या मोबाइलवरून सगळं ऐकतात. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवतो. हळूहळू गोडाची हाव सुटते. रात्री फ्रिजपाशी उभा राहून श्रीखंडाचा अख्खा डबा संपवतो, आणि सकाळी मेहुण्याच्या तेराव्याला भर पंक्तीत विनोद सांगतो. बायकोला बाजूला घेऊन नणंद म्हणते, वहिनी, तुमचं काही बिनसलंय का? कुणी म्हणतं, बाहेरचं आहे. अमावास्येला कुठे तरी जाऊन येतात. शेवटी मानसोपचार, गोळ्या. गोळ्या तो थुंकतो म्हणून चहातून थेंब. महिन्याभरात चाल बदलते, अंग ताठरतं, आणि सगळ्यांना वाटतं आजार वाढला. या सगळ्या काळात एक गोष्ट कुणी बोलत नाही. याच माणसाची धाकटी बहीण कोल्हापूरला असते, दोन वर्षांपूर्वी तिच्या हातातून भांडी निसटू लागली आणि आता ती अंथरुणाला आहे. आणि यांचे वडील पंचावन्नाव्या वर्षी घर सोडून गेले ते कुणावर तरी विषप्रयोगाचा आरोप करत. या तिन्ही गोष्टी एका कागदावर मांडल्या असत्या तर कोणत्याही बऱ्या न्यूरॉलॉजिस्टच्या भुवया उंचावल्या असत्या. पण बहिणीची फाइल एका डॉक्टरकडे, भावाची दुसऱ्याकडे, आणि वडिलांची कुठेच नाही.

चुकीच्या शिक्क्याने नुकसान काय होतं, असं विचारणारे आहेत. आजार बरा होणार नाहीच, मग नाव काहीही असो. पण नावावरून औषध ठरतं. लेवी बॉडीच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर तो लाकडासारखा ताठरू शकतो, जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये मनोविकृतीवरच्या नव्या औषधांबद्दल आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांबद्दलही ताकीद दिली आहे, की डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना ती दिल्यास मृत्यूचं प्रमाण वाढतं. तरी ती कधी कधी द्यावी लागतात, कमी मात्रेत, थोडे दिवस, डोळ्यांत तेल घालून. वेडाच्या शिक्क्याखाली मात्र ती वर्षानुवर्षं चालू राहतात. शिवाय चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच भ्रम झाला असेल तर बी-१२, थायरॉइड, डोक्याला झालेला जुना मार, मेंदूचा संसर्ग, अगदी ऐकू न येणं, ही सुधारता येण्यासारखी कारणं आधी चाचपायला हवीत. जनुकं त्यानंतर. आणि घरच्यांचं काय? तो आपल्याला मुद्दाम छळतो आहे असं वर्षभर समजणाऱ्या बायकोला 'हा आजार आहे' हे एक वाक्य वेळेवर मिळणं म्हणजे थोडकं नव्हे.

आता रास्त आक्षेप. सी९ओआरएफ७२ चा बिघाड युरोपात, त्यातही फिनलंड-स्वीडनकडे जास्त. आशियात त्या मानाने दुर्मीळ. भारतात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, त्यातल्या मूठभरांसाठी एवढा आटापिटा कशाला? स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची सरसकट तपासणी केली तर हा बिघाड क्वचितच सापडतो, हेही खरं. म्हणूनच सरसकट जनुकीय तपासणी करा असं मी म्हणत नाहीच. मी म्हणतो, प्रश्न नीट विचारा. तीन पिढ्यांची वंशावळ काढायला कागद आणि वीस मिनिटं लागतात. त्यात फक्त 'वेड' विचारू नका. हात-पाय कुणाचे गेले, कुणाचं अंग वेडंवाकडं हलायचं, कोण पन्नाशीत अचानक विचित्र वागू लागलं, कुणी जीव दिला, हे विचारा. हंटिंग्टनचा आजार, म्हणजे अंग वेडंवाकडं हलवणारा, घराण्यातून येणारा आजार, आपल्याकडे आहे, त्याचं जनुक १९९३ पासून माहीत आहे, आणि त्याचीही सुरुवात कधी कधी हातवाऱ्यांच्या आधी संशयाने किंवा उदासीने होते. दुर्मीळ आजार घराण्यात शिरला की त्या घरापुरता तो दुर्मीळ राहत नाही.

मग माणसं सांगत का नाहीत? वंशावळीचं वावडं आपल्याला कधीच नव्हतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबाच्या पणजोबांची नावं सापडतात. पत्रिका, गोत्र, नाडी, सगळं आपण पाहतो. एकनाडीचा नियम म्हणजे प्राचीन जनुकशास्त्र असं छातीठोक सांगणारे लोक तर दर लग्नसराईत भेटतात. त्याच मांडवात मुलीचा काका 'पुण्याला असतो' एवढंच सांगितलं जातं. पुण्याला म्हणजे येरवड्याला, हे दोन्हीकडच्यांना कळत असतं आणि कुणी विचारत नाही. ज्या मुलीच्या वडिलांच्या कागदावर 'आनुवंशिक डिमेन्शिया' लिहिलं आहे तिचं लग्न जमेल का? 'मनोविकृतीसह' असं पुढे जोडलं तर? दोन्ही कलंक एकत्र येतात, आणि दुसरा पहिल्याहून जड. ज्या आईने मुलीसाठी तो कागद फाडला तिला विज्ञानाचे धडे देण्याचा अधिकार मला तरी माझ्याकडे आहे असं वाटत नाही.

लग्न एक वेळ सोडा, तिथे कायदा फार काही करू शकत नाही. विम्यात करू शकतो. आयुर्विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर आई-वडील आणि भावंडांची वयं, तब्येत, मृत्यूचं कारण विचारलेलं असतं. खरं लिहिलं तर हप्ता वाढेल किंवा पॉलिसी नाकारली जाईल. खोटं लिहिलं आणि तीन वर्षांच्या आत काही झालं तर दावा फेटाळण्याची वाट विमा कंपनीला मोकळी. आरोग्यविम्यात थोडी हालचाल झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये 'जनुकीय आजार' या ढोबळ नावाखाली दावे नाकारणं हा भेदभाव आहे असा निकाल दिला. प्रकरण हृदयविकाराचं होतं, पण तत्त्व सगळ्यांना लागू होणारं. पुढच्याच महिन्यात विमा नियामक आयआरडीएआयने कंपन्यांना नव्या आरोग्य पॉलिसींत असं कलम घालू नका असं कळवलं. त्या निकालाच्या व्यापक भागाला मात्र सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. गाडी तिथेच अडली. अमेरिकेने २००८ मध्ये जनुकीय भेदभावाविरुद्ध कायदा केला, त्यात नोकरी आणि आरोग्यविमा आला, आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुटला. नेमका डिमेन्शियाला जो लागतो तो. कॅनडाने २०१७ मध्ये जास्त कडक कायदा केला आणि तो त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला निराळा दर्जा नाही. 'जनुकीय समुपदेशन केंद्र' ही संज्ञा कायद्यात सापडते ती १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे गर्भापुरती. पन्नाशीच्या माणसाला नि त्याच्या पंचविशीच्या मुलीला समोर बसवून हे समजावणारं माणूस कोण, याचं उत्तर मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांबाहेर मिळत नाही.

चाचणी मात्र मिळते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवा आणि पाठवा. 'वेलनेस'च्या पॅकेजात टक्कल, व्हिटॅमिन आणि स्वभाव यांच्या रांगेत एपीओईचा निकालही येतो. तो वाचून धास्तावलेल्या तिशीतल्या मुलाला कुणी सांगत नाही की यातून त्याचं भविष्य ठरत नाही. उलट, खरोखर घराण्यात आजार आहे तो माणूस हजारो रुपये भरून एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांच्या प्रथिनं घडवणाऱ्या भागांचं वाचन, करून घेतो, 'काही सापडलं नाही' असा रिपोर्ट येतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकतं. सी९ओआरएफ७२ आणि हंटिंग्टन या दोन्हींतला वारंवार येणाऱ्या तुकड्यांचा बिघाड नेहमीच्या एक्झोम तपासणीत सहसा पकडला जात नाही. त्याला वेगळी चाचणी लागते. हे रिपोर्टाच्या तळटीपेत बारीक अक्षरात असतं. कधी 'अर्थ निश्चित नाही' असा बदल सापडतो, आणि आपल्याकडे तो जास्त सापडतो, कारण ज्या संग्रहांशी ताडून पाहायचं त्यांत युरोपीय वंशाचेच नमुने जास्त आहेत. रक्तातल्या साखरेचा आकडा एकट्याचा असतो. हा निकाल न विचारता भावंडांचा आणि मुलांचाही होतो. हंटिंग्टनसाठी जगभर एक शिस्त पाळली जाते : निरोगी नातेवाइकाची चाचणी समुपदेशनाशिवाय नाही, विचार बदलायला वेळ, अल्पवयीन मुलांची नाहीच, आणि जाणून न घेण्याचा हक्क शाबूत. जिथे चाचणी सहज मिळते त्या देशांतही धोका असलेल्यांतले बहुतेक जण ती करून घेत नाहीत. त्यांना भित्रं म्हणू नये. उपाय नसलेल्या बातमीची वेळ ज्याची त्याने ठरवावी.

म्हणून क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार नाही याची हमी, मग चाचणीचा प्रसार. आणि हमीच्या आधी, किंवा तिच्या बरोबरीने, घरापर्यंत पोहोचणारं माणूस. ते जमतं, हे गोव्याने दाखवलं आहे. तिथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी डिमेन्शियाच्या घरी जाऊन काळजीवाहकांना आजार समजावला, वागण्यातल्या अडचणींवर काय करायचं ते सांगितलं, गरज पडली तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली. काळजीवाहकांचा मानसिक ताण कमी झाला. असाच कार्यकर्ता घरात चार वेळा चहा प्यायल्यावर कोल्हापूरच्या बहिणीची गोष्ट ऐकू शकतो. ओपीडीतल्या पहिल्या भेटीत ती कुणी सांगणार नाही.

विमा कंपन्यांचं म्हणणं ठरलेलं आहे : ज्यांना निकाल माहीत आहे तेच मोठ्या रकमेच्या पॉलिसी घेतील आणि धंदा बसेल. मुद्दा खोटा नाही, पण त्यावर तोड निघते. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा कंपन्यांनी मिळून ठरवलं आहे, की भाकितासाठी केलेल्या जनुकीय चाचण्यांपैकी फक्त हंटिंग्टनचाच निकाल, तोही पाच लाख पौंडांहून मोठ्या आयुर्विम्यासाठीच, विचारता येईल. तेवढ्याने तिथल्या कंपन्या बुडालेल्या नाहीत. आपल्याकडे रुपयांतली अशी एक मर्यादा ठरवणं, आणि त्या रकमेखालच्या पॉलिसीच्या फॉर्मवरून जनुकीय चाचणीचा आणि भावंडांच्या आजाराचा रकाना काढून टाकणं, हे नियामकाच्या हातात आहे. २०१८ मध्ये आरोग्यविम्यासाठी एका परिपत्रकावर काम भागलं होतं. आयुर्विम्यासाठी त्याला संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागू नये.